डोमेनचा मालक कोण हे दाखवणारं सॉफ्टवेअर कुठलं? (दोन ठिकाणी दोन तारखा दिसतायत)

हापूसवाला | शनि, १४ मार्च २०२६, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार, इथे आयटीवाले बरेच आहेत म्हणून विचारतो, मी त्यातला नाही, आमची देवगडला कलमं आहेत. २०१४ साली अप्पाकाकांनी हौसेने वेबसाइट करून घेतली, कणकवलीत एक कम्प्युटर क्लासवाला होता त्याने करून दिली, नाव (म्हणजे डोमेन) आमच्या आडनावावरूनच आहे, पुढे डॉट कॉम. दरवर्षी तो हजार-बाराशे घ्यायचा आणि काका द्यायचे, कधी काही बघावं लागलं नाही. पुण्या-मुंबईची जुनी गिऱ्हाइकं आणि दुबईतली काही, सगळ्यांकडे तोच पत्ता आणि त्यावरचाच मेल आयडी.

आता परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमची साइट उघडली तर कसल्यातरी जाहिराती दिसतायत. बघतो तर खरंच, हे डोमेन विकत घ्यायचं असेल तर इथे क्लिक करा वगैरे. मेल पण बंद. पाडवा गुरुवारी आहे, पहिल्या पेट्या पाडव्याला निघतात, बुकिंग याच दिवसांत येतं आणि नेमकं आत्ताच हे. क्लासवाल्याचं दुकान कधीच बंद झालंय, जुना नंबर लागत नाही.

माझ्या भाच्याने एक सॉफ्टवेअर दिलं, हूइज का काय म्हणतात ते, जुनंच आहे त्याच्याकडचं. त्यात नाव टाकलं तर एक्सपायरी ९ फेब्रुवारी २०२७ दाखवतंय, म्हणजे अजून वर्ष आहे! मग दुसऱ्या एका साइटवर बघितलं तर तिथे ९ फेब्रुवारी २०२६, म्हणजे संपलं. मालकाचं नाव सॉफ्टवेअरमध्ये कुठेच नाही, आणि त्या साइटवर नावापुढे रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी एवढंच. नेमसर्व्हर (नाव टाकलं की कुठे जायचं ते सांगणारा म्हणे) पण बदललेला दिसतोय, आमचा हा नव्हता असं भाचा म्हणतो, म्हणजे कोणीतरी ढापलंय का? एक साइट म्हणते महिन्याचे पैसे भरा, खरा मालक दाखवतो. भरू का? की दुसरं कुठलं चांगलं सॉफ्टवेअर आहे? खरी तारीख कुठली समजायची?

टर्मिनल तात्या | १४ मार्च, रात्री ११:२५

पैसे भरू नकोस. आधी ते पान बंद कर आणि पाणी पी.

ढापलेलं नाहीये बहुतेक. आणि तुझ्या दोन्ही तारखा खऱ्या आहेत, यात भलेभले फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉट कॉमचं घाऊक दुकान एकच, व्हेरिसाइन. तिला म्हणतात रजिस्ट्री. तुझ्या क्लासवाल्याने ज्या कंपनीकडून नाव घेतलं ती रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ दुकानदार. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीकडे मालकाचं नावगाव नसतंच, तिथे फक्त कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, तारखा, नेमसर्व्हर, स्टेटस एवढंच असतं. मालकाची वही दुकानदाराकडे. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर दोन फेऱ्या मारतं, आधी व्हेरिसाइनला विचारतं आणि तिथून कळलं की रजिस्ट्रारला विचारतं. भाच्याचं सॉफ्टवेअर पहिल्याच दारातून परत आलेलं दिसतंय.

आता तारीख. मुदत संपली की त्या दिवशी व्हेरिसाइन आपोआप एक वर्ष पुढे ढकलते, रजिस्ट्रारच्या खात्यातून पैसे कापून. म्हणून तिकडे २०२७. पण तू रजिस्ट्रारला पैसे दिलेले नाहीस, त्याच्या वहीत तुझी मुदत २०२६ लाच संपली. आता त्याच्या हातात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, तेवढ्यात त्याने डोमेन डिलीट केलं तर व्हेरिसाइन त्याचे पैसे परत देते. याला ऑटो रिन्यू ग्रेस पिरियड म्हणतात. काही एक्स्टेन्शनला (म्हणजे नावामागचं डॉट अमुक) स्टेटसमध्येच ऑटो रिन्यू पिरियड लिहिलेलं दिसतं, डॉट कॉमला हे तारखांच्या फरकावरून ओळखायचं. गंमत म्हणजे व्हेरिसाइनच्या उत्तराखाली एक लांबलचक नोटीस असते, तिच्यात हेच लिहिलंय की ही तारीख रजिस्ट्रारची आहे, गिऱ्हाइकाची वेगळी असू शकते, त्याच्याकडे विचारा. ती नोटीस आजवर कोणी वाचलेली मी बघितली नाही, मी पण पहिली दहा वर्षं नाही वाचली.

नेमसर्व्हर पण रजिस्ट्रारनेच बदलला असणार. मुदत संपली की ते जाहिरातींच्या पानाकडे वळवतात, एक तर पैसे मिळतात आणि दुसरं म्हणजे मालक खडबडून जागा होतो, तुझ्यासारखा.

हिशोब कर. ९ फेब्रुवारीपासून आज ३३ दिवस झाले. ४५ वा दिवस २६ मार्चला. पण रजिस्ट्रारला ४५ दिवस थांबायची सक्ती नाही, बरेच जण तिसाव्या दिवसाच्या आसपास लिलावात टाकतात. डिलीट झालं तर पुढे ३० दिवस रिडेम्प्शन, तेव्हा परत मिळतं पण वर दंड, मूळ किमतीच्या कित्येक पट. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणी काही करू शकत नाही, आणि सहाव्या दिवशी आंबा झाडावरून पडला, ज्याने झेलला त्याचा. झेलायला प्रोग्राम लावून बसलेली माणसं असतात, तू हाताने टाइप करून त्यांच्या पुढे जाणार नाहीस.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर विंडोजवर नीरसॉफ्टचं हूइज धिस डोमेन नावाचं फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समध्येही हूइज आहे पण ते काळ्या खिडकीतलं. मॅकवर आधीपासून असतं, लिनक्सवर एका ओळीत बसतं. तुला मात्र यातलं काही नको, आयकॅन लुकअप असं सर्च कर, आयकॅन म्हणजे डोमेनचे नियम ठरवणारी संस्था, तिचं स्वतःचं पान आहे, तिथे टाक. आणि मला चार गोष्टी सांग: रजिस्ट्रार कोण, स्टेटसच्या ओळी काय, अपडेटेड डेट काय आणि मालकाच्या खान्यात राज्य नि देश काय दिसतो. नाव झाकतात पण राज्य आणि देश झाकत नाहीत.

सौ. लॉगिन | १५ मार्च, सकाळी ७:५०

तात्या, मस्त प्रतिसाद. जरा अवांतर लिहिते, हापूसवाले रागावू नका.

नावं झाकल्यामुळे शोधणाऱ्याचा त्रास होतो हे मान्य, पण आधी काय होतं ते पण ऐका. २०१७ ला मी माझ्या शिवणकामाच्या क्लाससाठी डोमेन घेतलं, प्रायव्हसीचे वेगळे पैसे मागत होते म्हणून ती घेतली नाही, म्हटलं मला काय लपवायचंय. दुपारी दोनला पैसे भरले. संध्याकाळी साडेपाचला पहिला फोन, मॅडम तुमची वेबसाइट डिझाइन करून देऊ का. त्याला माझं नाव, डोमेन, सगळं पाठ. रात्रीपर्यंत सात फोन झाले, दुसऱ्या दिवशी मोजणंच सोडलं. एकाने तर घराचा पत्ता वाचून दाखवला, सोसायटीच्या नावासकट, आणि म्हणतो आम्ही जवळच आहोत, भेटायला येऊ? मला घाम फुटला हो. तेव्हा हे सगळं जगाला उघडं असायचं, नाव पत्ता मोबाईल ईमेल, रोज नव्या डोमेनच्या याद्या काढून लोक धंदा करायचे.

मग २५ मे २०१८ ला युरोपातला तो जीडीपीआर, खासगी माहिती जपायचा कायदा, लागू झाला आणि त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने घाईघाईत नियम काढला की माणसांची माहिती झाका. कायदा तिकडचा पण फायदा माझा झाला. डॉट इन ला मालकाचं नाव लपवायला मधे दुसरी कंपनी उभी करायची परवानगीच नाही, खरं नाव द्यावंच लागतं, पण आता बाहेर बघणाऱ्याला तिथेही ते झाकलेलंच दिसतं.

तेव्हा पैसे घेऊन खरा मालक दाखवतो म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा.

गिरणगावकर | १५ मार्च, सकाळी ९:१५

सरळ केस टाका. डोमेनच्या भांडणांसाठी यूडीआरपी म्हणून असतं, कुटुंबाचं नाव आहे, मिळून जाईल. आणि सारखं सारखं सर्च करू नका, सर्च केलेली नावं ही लोकं उचलतात.

टर्मिनल तात्या | १५ मार्च, सकाळी ९:४०

गिरणगावकर, केस कोणावर टाकणार? डोमेन अजून ह्यांचंच आहे. यूडीआरपी ट्रेडमार्कसाठी आहे, वायपोकडे (अशा केसेस चालवणारी संस्था) एका पॅनेलिस्टच्या केसची फीच १५०० डॉलर, वकील वेगळा. हजार रुपयाच्या रिन्यूअलसाठी?

सर्चचं तुमचं अगदीच चूक नाही. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका बड्या रजिस्ट्रारने खरंच तसं केलं होतं, त्यांच्या साइटवर कोणी मोकळं नाव शोधलं की ते चार दिवस स्वतःच्या नावावर अडवून ठेवायचे, मग घ्यायचं तर त्यांच्याकडूनच. बरीच बोंबाबोंब झाली. पण ते मोकळ्या नावांचं. घेतलेलं नाव हजार वेळा शोधलं तरी झिजत नाही.

हापूसवाला | १५ मार्च, दुपारी १:०५

तात्या, ताई, खूप आभार. काल रात्री झोप लागली त्यामुळे.

आयकॅनच्या पानावर टाकलं. स्टेटसला एकच ओळ आहे, क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड. क्रिएटेड ९ फेब्रुवारी २०१४. अपडेटेड १० फेब्रुवारी २०२६. राज्य महाराष्ट्र, देश आयएन. रजिस्ट्रारचं नाव व्यनि (खासगी निरोप) केलंय, उगाच इथे नको.

त्या रजिस्ट्रारच्या कस्टमर केअरला लावला, पाऊण तास गाणं ऐकलं. मग एक मुलगा बोलला, चांगला होता, पण म्हणे अकाउंट ज्या ईमेलवर आहे त्यावरून लॉगिन करा नाहीतर आम्ही काही करू शकत नाही. कुठला ईमेल विचारलं तर ते सांगता येत नाही. बरं नुसते पैसे भरून घ्या म्हटलं, तर ते पण लॉगिन करूनच. काकांचे मेल शोधले, त्यांना रजिस्ट्रारचा एकही मेल कधी आलेला नाही. भाच्याचं सॉफ्टवेअर आता उत्तरच देत नाहीये, नुसतं फिरतंय गोल.

टर्मिनल तात्या | १५ मार्च, दुपारी १:३०

राज्य महाराष्ट्र म्हणजे हात बदललेला नसावा. विकलं गेलं असतं तर तिथे बहुधा दुसऱ्याच कुठल्या राज्याचं नाहीतर देशाचं नाव बसलं असतं. ट्रान्सफर प्रोहिबिटेड म्हणजे घराला कडी, चांगलीच गोष्ट. होल्ड किंवा रिडेम्प्शन दिसलं असतं तर मी घाबरलो असतो.

मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर, आणि संपल्यावर पाच दिवसांत, असे तीन रिमाइंडर रजिस्ट्रारने पाठवायचेच असतात, तो आयकॅनचा नियम आहे. ते कुठेतरी गेलेत. कुठे गेले तेवढं शोधायचं, बाकी काम सोपं आहे.

रात्रपाळी | १५ मार्च, संध्याकाळी ६:२०

आत्ता उठलो, धागा वाचला. मी हिंजवडीत सायबर सिक्युरिटीत आहे, रात्रभर हेच बघत असतो.

भाच्याच्या सॉफ्टवेअरबद्दल आधी. हूइज हा प्रकार १९८२ चा आहे, अर्पानेटवरच्या (इंटरनेटचा पूर्वज) माणसांची डिरेक्टरी म्हणून सुरू झाला. ४३ नंबरच्या पोर्टला जोडायचं, एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, समोरून साधा मजकूर येतो आणि लाईन कट. ना लॉगिन ना कुलूप ना ठरलेला नमुना, प्रत्येक रजिस्ट्रार वाटेल तशी ओळ लिहिणार, म्हणून ही सॉफ्टवेअरं अर्धा वेळ अंदाजाने तारखा वाचत असतात. त्याच्या जागी आता आरडॅप आलंय, ते ब्राउझरसारखं एचटीटीपीएसवर चालतं आणि ठरलेल्या खान्यांत उत्तर देतं. आयकॅनचं पान तेच वापरतं. आणि २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनना जुनं हूइज चालू ठेवायची सक्तीच उठली. ज्याला ठेवायचं त्याने ठेवा. त्यामुळे जुनी सॉफ्टवेअरं अशी गोल फिरत बसतात.

दुसरा घोळ म्हणजे कुठल्या एक्स्टेन्शनला कुठला सर्व्हर विचारायचा ही यादी या सॉफ्टवेअरांच्या पोटात कोरलेली असते, आणि ती कोणी अपडेट करत नाही. यावरून एक भारी किस्सा, २०२४ चा. डॉट मोबी या एक्स्टेन्शनचा हूइज सर्व्हर नवीन पत्त्यावर गेला आणि जुन्या पत्त्याचं डोमेन सोडून दिलेलं, एक्सपायर झालं. वॉचटॉवर म्हणून एक सिक्युरिटी कंपनी आहे, त्यांनी ते २० डॉलरला विकत घेतलं आणि तिथे स्वतःचा सर्व्हर लावून बसले की बघू कोण येतंय. पाच-सहा दिवसांत १ लाख ३५ हजारांहून जास्त मशिनं विचारायला आली! सरकारी मेल सर्व्हर, सिक्युरिटी कंपन्या, आणि वेबसाइट खरी असल्याचं सर्टिफिकेट देणारे पण, जे हूइजमधला ईमेल वाचून मालकाची खात्री करायचे. म्हणजे ह्यांनी उत्तरात स्वतःचा ईमेल लिहिला असता तर दुसऱ्याच्या डोमेनचं सर्टिफिकेट मिळालं असतं. त्यांनी तसं केलं नाही, जगाला सांगितलं, आणि मग हूइजवरचा ईमेल बघून सर्टिफिकेट द्यायची पद्धतच बंद करायचं ठरलं. वीस डॉलरमध्ये. ऑफिसात आम्ही त्या आठवड्यात दुसरं काही बोललोच नाही.

असो, मुद्द्यावर येतो. तुमचं डोमेन २०१४ चं आहे. मे २०१८ च्या आधी सगळं उघडं होतं, आणि तेव्हाच्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या सर्व्हिसेस आहेत, हिस्टॉरिकल हूइज म्हणतात. तुम्हाला विकायला आलेली साइट बहुतेक तसलंच काहीतरी विकत असणार, आजचा मालक वगैरे कोणाला दिसत नाही. आमच्या ऑफिसात एकाचं सबस्क्रिप्शन आहे. डोमेनचं नाव व्यनि करा, आणि तुमच्या काकांचं पूर्ण नाव पण, नाव जुळलं तरच पुढचं सांगतो, नाहीतर राग मानू नका.

हापूसवाला | १५ मार्च, रात्री ९:१०

रात्रपाळीसाहेब, काय बोलू. नाव जुळलं. २०१६ च्या नोंदीत मालक म्हणून अप्पाकाकांचंच नाव, पत्ता आमच्या घराचा, वाडीचं नाव पण बरोबर. हे वाचून दाखवलं तर काका खूश, म्हणतात बघ मी म्हटलं होतं ना माझ्या नावावर आहे.

पण ईमेल मात्र क्लासवाल्याचा. आणि तो साधा जीमेल नाही, त्याच्या क्लासच्या नावाचं डॉट कॉम होतं त्यावरचा. त्याला मेल टाकला तर पाच मिनिटांत परत आला, असा पत्ताच नाही म्हणे.

टर्मिनल तात्या | १५ मार्च, रात्री ९:२५

आता त्या क्लासचं डोमेन टाक हूइजमध्ये.

हापूसवाला | १५ मार्च, रात्री ९:३१

नॉट फाउंड.

टर्मिनल तात्या | १५ मार्च, रात्री ९:५०

झालं तर. तुझे तिन्ही रिमाइंडर त्या नसलेल्या पत्त्यावर जाऊन आपटलेत. रिन्यू आजवर होत होतं म्हणजे क्लासवाल्याने एकदम बऱ्याच वर्षांचं भरून ठेवलं असणार, आणि काकांकडून दरवर्षी घेत राहिला दुकान असेपर्यंत.

आता नीट वाच. नॉट फाउंड म्हणजे ते डोमेन मोकळं आहे. आज कोणीही उठून हजार रुपयात घेऊ शकतो, त्यावर मेलबॉक्स लावू शकतो, आणि रजिस्ट्रारकडे पासवर्ड विसरलो म्हणून बटण दाबू शकतो. लिंक त्याच्याकडे येईल. तुझं डोमेन इतके दिवस असं दार सताड उघडं टाकून होतं आणि चोराला पत्ता माहीत नव्हता म्हणून वाचलं.

ते तू घेऊ शकतोस. पण क्लासवाल्याला विचारल्याशिवाय नको. अकाउंट त्याचं आहे.

सौ. लॉगिन | १५ मार्च, रात्री १०:०५

तात्यांशी सहमत, आणि मी तर म्हणते नुसतं तोंडी नको, लेखी घ्या. उद्या त्याने दुसऱ्याच्या मेलवर आलेलं वाचलं अशी तक्रार केली तर? व्हॉट्सअॅपवर दोन ओळी तरी. त्या पत्त्यावर त्याच्या बँकेचं, विम्याचं काय काय येत असेल.

गिरणगावकर | १५ मार्च, रात्री १०:१२

ताईंना +१. आणि वाईट वाटून घेऊ नका हापूसवाले, १९९९ च्या ख्रिसमसला खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरलं होतं, हॉटमेलचं लॉगिन अडलं, शेवटी एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डने भरले. हे मात्र मला नक्की माहितीये, केसचं चुकलं सकाळी.

हापूसवाला | बुध, १८ मार्च, रात्री ११:५५

उशीर झाला लिहायला, दोन दिवस धावपळ होती. डोमेन मिळालं!!

क्लासवाल्याला शोधायला पूर्ण सोमवार गेला. कणकवलीत त्याच्या जुन्या गाळ्यात आता मोबाईल रिपेअरिंग आहे, त्या मुलाने सांगितलं की ते पनवेलला असतात, मग त्यांच्या मेव्हण्याचा नंबर, मेव्हण्याकडून त्यांचा. मी मनातल्या मनात बरंच काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण त्यांचा आवाजच असा आला, लॉकडाऊनमध्ये क्लास बसला तो बसला, आई गेली, सगळं सोडून गेले. पासवर्ड आठवत नाही, म्हणाले घे बाबा ते डोमेन, काय करायचं ते कर, मला परत त्यात पडायचं नाही. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं. त्यांनी वर हात जोडलेला इमोजी पाठवला आणि अप्पांना नमस्कार सांगा म्हणाले.

मग रात्री भाच्याला बसवून क्लासचं डोमेन विकत घेतलं, मेलबॉक्स लावला, तासाभरात चालू. रजिस्ट्रारकडे पासवर्ड विसरलो केलं आणि लिंक आली. आत गेलो, आमचं नाव लाल अक्षरात, बाजूला रिन्यूचं बटण. पस्तिसावा दिवस होता. पाच वर्षांचं भरून टाकलं. मंगळवारी सकाळी साइट परत आमची, काकांचा २०१४ चा फोटो आणि खाली पेटीचा तेव्हाचा भाव, तो आधी बदलला. तात्या, तुम्ही म्हणालात तसं परत दोन्हीकडे बघितलं, आता दोन्हीकडे एकच तारीख आहे, ९ फेब्रुवारी २०३१. आमच्या डोमेनच्या नोंदीत ईमेल माझा जीमेल टाकलाय, आमच्याच डोमेनवरचा नाही टाकला.

आज पहिल्या चाळीस पेट्या गेल्या, पाडव्याला पोचतील.

पण एक नवीनच होऊन बसलंय. त्या क्लासच्या मेलबॉक्सवर दोन दिवसांत आणखी मेल आलेत, त्याच रजिस्ट्रारचे. मी उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं पण विषयातच दिसतं सगळं. त्याने आमच्यासारख्या अजून चार जणांच्या साइट केल्या होत्या, सगळ्यांची डोमेनं त्याच अकाउंटमध्ये, सगळ्यांना वाटतंय आपलं चालू आहे. त्यातलं एक मालवणच्या एका खाणावळीचं, ३ एप्रिलला संपतंय. हूइजमध्ये नंबर मिळत नाही हे आता मला पण कळतं, म्हणून त्यांच्याच साइटवरून घेतला. सकाळपासून तीनदा लावला, वाजतोय पण उचलत नाहीत. त्या बाजूचं कोणी आहे का इथे?

रात्रपाळी | १९ मार्च, पहाटे ३:१५

माझं आजोळ मालवणचं आहे. नाव व्यनि करा, मामाला पाठवतो सकाळी.